शेवट माहितीये, तरी पुढचा भाग कधी?

मागच्या महिन्यात याच पानावर सहज एक ओळ लिहून गेले होते की मला "आधी लग्न, मग प्रेम" टाइपच्या गोष्टी अजूनही आवडतात, आणि तेवढ्यावरून इतके मेल आले की यावेळचं सगळं पान त्यांनाच देऊन टाकलंय. ट्रोप हा शब्द जवळपास सगळ्यांनीच वापरलाय, म्हणजे प्रेमकथेत पुन्हा पुन्हा येणारी ठरलेली जुळणी, खडूस बॉस, खोटं खोटं लग्न, लहानपणीचा मित्र, भांडता भांडता प्रेम वगैरे वगैरे. चार पत्रं घेतलीत. नावं गाळलीत, कारण एकीने तर स्पष्टच लिहिलंय की सासूबाईपण हे मासिक वाचतात.

"ताई, मी नाशिकला बँकेत आहे, वय ३६, दोन मुलं. रात्री सगळं आवरलं की मोबाईलवर मराठी कथा वाचते, त्यातही जास्त करून कॉन्ट्रॅक्ट मॅरेजच्या, म्हणजे करार करून ठरावीक काळापुरतं लग्न आणि मग खरंच प्रेम. पन्नास तरी वाचून झाल्या असतील. नवरा म्हणतो, तुला कंटाळा कसा येत नाही, शेवटी दोघं एकत्रच येणारेत ना, मग पहिला भाग वाच, शेवटचा वाच आणि झोप. मला उत्तरच देता येत नाही. माझ्या डोक्याला खरंच गंज चढलाय का?"

गंज बिंज काही नाही हो. आधी नवऱ्याला विचारा की २०११ च्या वर्ल्ड कप फायनलमधला धोनीचा तो सिक्स त्यांनी आजवर किती वेळा बघितलाय, आणि दरवेळी बॉल प्रेक्षकांत जाईपर्यंत श्वास का रोखून धरतात, श्रीलंका काय जिंकणारे का मधेच.

आता सिरियसली. शेवट माहीत असणं म्हणजे मजा गेली हे कोणी ठरवलं काय माहीत, आपल्याकडे तरी असं कधीच नव्हतं. १८८२ साली संगीत सौभद्र रंगभूमीवर आलं तेव्हा समोर बसलेल्या शेवटच्या माणसालाही महाभारत माहीत होतं, सुभद्रा अर्जुनाचीच होणार, बलरामाने कितीही दुर्योधनाचं नाव लावून धरलं तरी. तरी लोकांनी ते डोक्यावर घेतलं आणि आजही प्रयोग होतात. संन्याशाच्या वेषातला अर्जुन तिच्यासमोर येतो तेव्हा आपल्याला माहितीये, तिला माहीत नाही, आणि सगळी गंमत त्या मधल्या जागेत आहे. तुमच्या मोबाईलमधला "मी साधा ड्रायव्हर आहे" म्हणणारा करोडपती हा त्याच अर्जुनाचा लांबचा नातेवाईक आहे बघा.

याच्यावर प्रयोगही झालेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगोतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये लोकांना १२ लघुकथा वाचायला दिल्या, काहींना शेवट आधीच सांगून टाकला, काहींना नाही, तर ज्यांना शेवट माहीत होता त्यांनाच कथा सरासरी जास्त आवडल्या. नंतरच्या काही प्रयोगांत उलटेही निकाल आलेत, त्यामुळे हे नवऱ्याच्या तोंडावर फेकायचं तर जरा जपून. पण मला त्यातलं एक पटतं, "काय होणार" ही चिंता डोक्यातून गेली की माणूस "कसं होणार" याच्याकडे नीट बघतो. दिवसभर बँकेत कोणाचं काय अडेल आणि घरी कोणाला ताप येईल याची धाकधूक असलेल्या बाईला रात्री साडेदहाला आणखी एक धाकधूक कशाला हवीये? अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेने तर व्याख्येतच लिहून ठेवलंय की मध्यभागी प्रेमकथा हवी आणि शेवट समाधानाचा, आशेचा हवा. तो करारच आहे, वाचक त्या करारावर सही करून आत शिरतो. रहस्यकथेत खुनी दरवेळी सापडतो, तिथे नाही कोणी म्हणत की पहिलं पान वाच, शेवटचं वाच आणि झोप.

आमच्या आजीची गोष्ट सांगते. सांगलीला गल्लीच्या तोंडाशी एक वाचनालय होतं, महिन्याची वर्गणी भरायची आणि एकावेळी दोन पुस्तकं आणायची, आणि तिथल्या कादंबऱ्या इतक्या एकसारख्या असायच्या की नाव वाचून आठवायचं नाही आधी नेलीये का ते. म्हणून बायका १७ नंबरच्या पानावर कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक खूण करून ठेवायच्या, कोणाचं फूल, कोणाचा टिंब, आजीचा छोटा स्वस्तिक. मी शाळेत असताना पुस्तक बदलून आणायचं काम माझं. एकदा स्वस्तिकवालं पुस्तक चुकून परत आणलं, म्हटलं आता ओरडणार. आजीने खूण बघितली, पान उलटलं आणि वाचायला बसली. खूण कशाला करतेस मग, असं विचारलं तर म्हणाली, "म्हणजे घाबरायचं नाही हे कळतं."

बरं, पण तुमच्या प्रश्नात एक गोष्ट आहे जी मला जास्त महत्त्वाची वाटते. तुम्ही सगळ्या प्रेमकथा नाही वाचत, कॉन्ट्रॅक्ट मॅरेजच्याच वाचता. का? मला वाटतं ही जुळणी बाहेरून आली असली तरी आपल्याकडे तिचा अर्थ बदललाय. परदेशी वाचकाला अनोळखी माणसाशी लग्न हीच मुळात अचाट कल्पना आहे. आपल्याकडे? कांदेपोहे, बाल्कनीत दहा मिनिटं, "तुम्हाला काही विचारायचंय का?" आणि चार महिन्यांनी एका खोलीत. म्हणजे अनोळखी माणसाशी लग्न हा भाग अर्ध्या वाचकांनी स्वतः केलेला असतो. कथेत वेगळं काय असतं तर लग्न झाल्यावरही बायको "मिळालेली" नसते. तिला काय आवडतं, ती चहात आलं घालते की वेलची, ती गप्प का आहे, हे त्या माणसाला एकेक करून शोधावं लागतं, चुकावं लागतं, माफी मागावी लागते. जे लग्नाआधी व्हायला हवं होतं आणि घाईत राहून गेलं ते कथा लग्नानंतर करून देते. तुमच्या घरी काय आहे काय नाही मला माहीत नाही आणि विचारतही नाहीये, पण पन्नास कथा वाचणारी बाई पन्नास वेळा तेच तेच वाचत नाहीये, "आता हा हिच्याकडे बघणार" तो क्षण पन्नास वेगवेगळ्या पद्धतींनी बघतीये.

आणि एक. १९८४ साली जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासक बाईचं रोमान्स वाचकांवरचं पुस्तक आलं, तिने एका गावातल्या पुस्तकविक्रेतीच्या नेहमीच्या गिऱ्हाईक बायकांशी बसून बोलून ते लिहिलं. बऱ्याच जणी विकत घ्यायच्या आधी शेवटची पानं चाळून खात्री करायच्या की शेवट गोड आहे ना. पण तिला मुख्य काय सापडलं तर त्यांच्यासाठी वाचायला बसणं हेच मुळी एक सांगणं होतं, हातात पुस्तक आहे म्हणजे आत्ता मी कोणाची आई नाही, कोणाची बायको नाही, हाक मारू नका. रॅडवेला त्याची दुसरी बाजूही खुपत होती बरं का, की अशा वाचनाने बायका आहे त्या संसाराशी जुळवून घेतात आणि घरात काही बदलत नाही. मला दोन्ही खरं वाटतं. तुम्ही साडेदहाचा तो अर्धा तास सोडू नका, एवढंच.

"मॅडम, मी पुण्यात इंजिनिअरिंग करतो, मुलगा आहे, आणि बहिणीच्या अकाउंटवरून या कथा वाचतो (प्लीज नाव छापू नका). मला भांडणारे दोघं प्रेमात पडतात ते जाम आवडतं, आणि दुसरं म्हणजे पावसात अडकून लॉजवर एकच खोली मिळते ते. पण खऱ्या आयुष्यात भांडणारी मुलगी मला ब्लॉक करते. मग कथेत ते इतकं भारी का वाटतं?"

पहिलं म्हणजे स्वतःचं अकाउंट उघड, बहिणीला कळलेलंच आहे, तिला पुढच्या भागाची नोटिफिकेशन वाचलेली दिसत असणार.

भांडणातून प्रेम हे काही आजचं नाही रे. इंग्रजीत त्याची आजी शोधायला गेलं तर १८१३ ला, जेन ऑस्टिनच्या "प्राइड अँड प्रेज्युडिस" कादंबरीला जाऊन पोचतो, आणि मराठीत १९११ चं खाडिलकरांचं संगीत मानापमान घे. श्रीमंत भामिनी, वडिलांनी साध्या घरचा शूर धैर्यधर पसंत केलाय, आणि ही त्याच्या गरिबीवरून त्याचा अपमान करते. तोही मानी, तोही नाही म्हणतो. मग ती वनमाला नावाने साध्या मुलीच्या वेषात त्याच्यासमोर जाते आणि तिथे तिची विकेट पडते. म्हणजे शत्रुत्व, मान, वेषांतर, तीन ट्रोप एका तिकिटात, आणि वर गाणी.

आता भारी का वाटतं. माझं मत असं आहे की भांडणात दोघं एका उंचीवर असतात. बाकी प्रेमकथांमध्ये एक जण वाट बघतो आणि दुसरा भाव खातो, इथे दोघांनाही एकमेकांचं बोलणं शब्द न शब्द ऐकावं लागतं, नाहीतर उलट उत्तर देता येत नाही. तू म्हणतोस ना तुला आवडतं, तर नीट बघ, तुला भांडण आवडत नाहीये, तुला आवडतंय की त्याने सोमवारी केलेली टोमणेबाजी तिला गुरुवारी आठवतीये. आणि मुलींना का आवडतं तर घरात उलट बोललं की उद्धट, ऑफिसात बोललं की ॲटिट्यूड, आणि इथे एक माणूस असा आहे जो तिच्या नेमक्या त्याच जिभेवर भाळलाय. तुला जी ब्लॉक करते ती तुझ्याशी भांडत नाहीये, तिला तुझ्याशी बोलायचंच नाहीये. यातला फरक कथेतल्या हिरोला लेखिका सांगते, तुझा तुलाच कळायला हवा.

एकाच खोलीचं सोपं आहे. परिस्थितीनेच जवळ आणलं, घाट बंद झाला, एसटी गेली, लॉजवाला म्हणतो एकच रूम आहे, म्हणजे कोणी पुढाकार घेतला याचा दोष कोणावरच नाही. आपल्यासारख्या "लोक काय म्हणतील"वाल्या समाजात ही फार मोठी सोय आहे. शिवाय परदेशी कथेत जोर "एकच बेड" यावर असतो, आपल्याकडे मला वाटतं जोर "खोली" यावर आहे. ज्या मुंबईकर जोडप्याने लग्नाची पहिली दोन वर्षं दहा बाय बाराच्या खोलीत सासू-सासरे, दीर आणि स्वयंपाकाचा ओटा यांच्यासोबत काढलीत त्यांना विचार, दरवाजा आतून लावता येणारी खोली ही केवढी रोमँटिक गोष्ट आहे ती.

"नमस्कार ताई. माझी मुलगी अकरावीत आहे, कोल्हापूर. ती ज्या कथा वाचते त्यातला हिरो मुलीचा फोन तपासतो, कोणाशी बोलायचं नाही सांगतो, हात धरून ओढत नेतो, आणि खाली कमेंटमध्ये सगळ्या मुली 'हाय किती पझेसिव्ह' म्हणून हार्ट टाकतात. मला हे सगळं बंद करावंसं वाटतं. आमच्या वेळी असलं काही नव्हतं. मी तर लग्न जमावं म्हणून रुक्मिणी स्वयंवराचं पारायण केलं होतं."

तुमची काळजी मला अजिबात जुनाट वाटली नाही, ती जुळणी मलाही सहन होत नाही आणि "त्याचं प्रेमच तसं आहे" या वाक्यावर मी कथा बंद करते, कितीही लाईक असोत.

पण ताई, तुम्ही काय वाचलंत ते जरा आठवून बघा की! एकनाथांचा तो ग्रंथ १५७१ चा, काशीत लिहिलेला. आपल्या विदर्भातली, कौंडिण्यपूरची मुलगी, भावाने शिशुपालाशी लग्न ठरवलंय, हिने कृष्णाला कधी पाहिलेलंही नाही, नुसतं ऐकून प्रेमात पडलीये, ब्राह्मणाच्या हाती पत्र धाडते की येऊन मला घेऊन जा, आणि ऐन लग्नाच्या वेळी अंबिकेच्या देवळातून रथात बसून जाते. घरच्यांनी लादलेलं स्थळ, गुप्त पत्र, शेवटच्या क्षणी पळून जाणं. आणि हे लग्नाळू मुलींना वाचायला देतं कोण, तर आई-आजीच, पाटावर बसवून, उदबत्ती लावून. म्हणजे पळून जाणारीची गोष्ट वाचून तुम्ही पळून नाही गेलात, तुमचं रीतसर जमलं. माणूस गोष्टीतलं सगळं जसंच्या तसं उचलत नाही याला तुम्ही स्वतःच साक्षीदार आहात.

तरी फरक आहे, आणि तो मुलीला दाखवा. रुक्मिणीने पत्र लिहिलं, बोलावलं तिने, म्हणून तो आला. ओढून नेणं आणि बोलावल्यावर येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा दंडेल हिरो ही आपलीच निर्मिती आहे असंही नाही, अमेरिकेत १९७२ मध्ये एक कादंबरी लाखांनी खपली ज्यात नायक सुरुवातीलाच नायिकेवर जबरदस्ती करतो आणि पुढे तोच तिचा प्रियकर होतो, आणि तिच्यामागे तसल्याच कादंबऱ्यांची रांग लागली. गंमत म्हणजे रॅडवेने ज्या बायकांशी बोलणं केलं त्यांना असा क्रूर नायक नको असायचा, खडूस चालेल पण आतून मऊ हवा. हळूहळू तिकडे वाचकांनी नाकं मुरडली, लेखिका बदलल्या, आणि आज तीच कथा तशी छापायला प्रकाशक दहा वेळा विचार करेल. साचा तोच राहिला, रागीट माणूस आणि त्याला वितळवणारी बाई, पण "तिला विचारलं का?" हा प्रश्न आत शिरला. आपल्याकडच्या मोबाईल कथांमध्ये अजून तो सगळीकडे शिरलेला नाही, काही लेखिका मात्र फार छान करतायत.

मोबाईल हिसकावू नका, अकरावीतली मुलगी मैत्रिणीच्या मोबाईलवर वाचेल. त्यापेक्षा एक कथा तुम्हीपण वाचा, अगदी तिची आवडती, आणि भांडायचं नाही, नुसतं विचारायचं की हा हिरो जर पैसेवाला नसता, दिसायला बरा नसता, तुमच्या क्लासमधला एखादा मुलगा असता आणि त्याने तुझा फोन असा हातातून घेतला असता तर? ती लगेच कबूल नाही करणार. दोन दिवसांनी स्वतःहून सांगेल की त्या दुसऱ्या कथेतला जास्त चांगला आहे.

"ताई, मी चिपळूणजवळ शिक्षिका आहे आणि ऑनलाइन कथा लिहिते. कॉन्ट्रॅक्ट मॅरेज लिहिलं तर वाचक मिळतात, वेगळं लिहिलं तर नाही. पण तेच तेच लिहायची लाज वाटते. ट्रोप टाळावेत का?"

नको टाळू. पण उसने घेऊ नको, आणि या दोन्हीत फार फरक आहे.

बघ, इंग्रजी कथांमध्ये सोयीचं लग्न, म्हणजे प्रेमाआधी गरजेपोटी केलेलं, का येतं? कारण त्या जुन्या काळात तिथे त्याला कारण होतं. इस्टेट मुलाकडे जायची, मुलींना लग्नाशिवाय सोय नाही, १७५३ च्या कायद्याने २१ च्या आतल्यांना आईबापांची परवानगी लागायला लागली, मग जोडपी स्कॉटलंडच्या हद्दीतल्या ग्रेटना ग्रीनला पळून जायची कारण तिकडे तो कायदा लागू नव्हता. मग मिल्स अँड बून सारख्यांनी (१९०८ ची लंडनची कंपनी, सुरुवातीला सगळंच छापायचे, रोमान्सवर नंतर आले) त्या जुळण्या इतक्या पक्क्या केल्या की वाचक कव्हर बघून आत काय आहे ते सांगेल. तिथून त्या आपल्याकडे आल्या आणि ड्यूकचा, म्हणजे तिकडच्या बड्या सरदाराचा, सीईओ झाला. पण कारण तिकडेच राहिलं ना! वरळीच्या पेंटहाऊसमधल्या माणसाला एका वर्षासाठी बायको का हवीये हे निम्म्या कथांमध्ये कोणालाच माहीत नसतं, लेखिकेलाही नाही.

आपल्याकडे कारणं काय कमी आहेत? घरात आजोबा गेले, आता वर्षाच्या आत लग्न करा नाहीतर तीन वर्षं थांबा, हे ऐकून किती लग्नं घाईत उरकली गेलीत ते तुझ्या गावातच मोज. सातबाऱ्यावरचं नाव आहे. पुण्यात बॅचलरला फ्लॅट देत नाहीत, सोसायटीला "फॅमिली" लागते, मग दोन परके लोक भाडेकरारासाठी नवरा-बायको असल्याचं सांगतात, आणि खालच्या मजल्यावरच्या काकू हळदीकुंकवाला बोलावतात. हे लिही की. वाचकाला जुळणी ओळखीची लागेल आणि घर स्वतःचं वाटेल.

अडथळा खरा हवा एवढंच बघ. पॅमेला रेजिस म्हणून एक अभ्यासक बाई आहेत, २००३ च्या पुस्तकात त्यांनी प्रेमकथेचे आठ घटक सांगितलेत, त्यातला अडथळा हा एक आणि "आता सगळं संपलं" असं वाटायला लावणारा क्षण हा एक. तो दुसरा क्षण आपल्याकडे दरवेळी ॲक्सिडेंट आणि स्मृती जाणं यावरच का उरकतात मला कळत नाही. अडथळा पक्का असेल तर ट्रकची गरज पडत नाही.

आणि शिक्षिका आहेस म्हणून हक्काने सांगते, रात्री ठरलं आणि सकाळी रजिस्टर लग्न, हे नको लिहू. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात ३० दिवसांची नोटीस लागते, ती ऑफिसात लावतात, कोणालाही वाचता येते. देवळात लावून मग नोंदणी केली तर गोष्ट वेगळी. पण तू नोटीसच घे, तीस दिवस दोघांची नावं शेजारी शेजारी बोर्डावर, आणि रोज त्या ऑफिससमोरून जाणारी तिची मावशी. दहा भाग तर तिथेच निघतात. फक्त अकराव्या भागानंतर दोन महिने गायब होऊ नकोस, त्या नाशिकच्या ताई साडेदहाला वाट बघत असतील.